पावसाळ्यात बॅटचा स्पिन जातो तेव्हा काय तपासायचं, आणि मग कोणतं रबर घ्यायचं

जून अर्धा झाला की गोव्यातल्या टेबल टेनिस (टीटी) खेळणाऱ्यांकडून एकच तक्रार येऊ लागते: "रबर संपलं." बॅटच्या लाकडावर (ब्लेडवर) चिकटवलेलं हे रबर म्हणजे वर पकड देणारी शीट, तिच्या खालच्या बाजूला बारीक खुंट्या (पिंपल्स) आणि त्यांच्याखाली स्पंज. मे महिन्यात टेबलाच्या पार टोकाला पडणारा लूप, म्हणजे चेंडूला खालून वर घासून पुढच्या दिशेने फिरवणारा टॉपस्पिनचा फटका, आता जाळीत जातो. मग मुंबई-पुण्याहून नवीन रबर मागवलं जातं, बहुधा आधीच्यापेक्षा वेगवान आणि महाग. चवथ (गणेशचतुर्थी) येईपर्यंत तक्रार पुन्हा तीच. अशा बॅटी हातात घेऊन पाहिल्या तर अर्ध्याहून जास्त रबरं अजून चालण्यासारखी असतात. ज्यांचं खरंच संपलेलं असतं, त्यांतले बरेच जण स्पिन हवा असताना स्पीड विकत घेऊन येतात.

खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून खर्चाच्या तपासणीकडे जातो. तो उलटा केला तर नवं रबर ओल्या हॉलमध्ये जुन्यासारखंच वागतं आणि दोष कुठे होता ते कधीच कळत नाही.

आधी लक्षणं नीट बघा

"बॅट चालत नाही" एवढ्यावरून काही कळत नाही. नेमकं काय होतंय ते यांतून शोधा.

- लूप जाळीत जातो आणि चेंडू रबरावरून घसरल्यासारखा वाटतो. बॅकस्पिनची (चेंडू उलटा फिरवणारी) सर्व्हिस वर तरंगते आणि समोरचा ती मारून टाकतो. हे पकड गेल्याचं लक्षण: ओल, धूळ किंवा झिजलेलं रबर.
- ब्लॉक (बॅट नुसती आडवी धरून परतवलेला चेंडू) आणि काउंटर (वेगवान फटक्याला दिलेला वेगवान उलट फटका) टेबलाबाहेर जातात, पण सावकाश खेळलेला पुश (बॅकस्पिन देत हलका ढकललेला चेंडू) ठीक जातो. रबर तुमच्या हाताला जास्त वेगवान आहे, किंवा स्पंज जाड आहे.
- जोरात मारलेला टॉपस्पिन "टक्" असा लाकडी आवाज करतो, सरळ उडतो आणि खाली वळत नाही. स्पंज मऊ किंवा पातळ पडतोय. हे लक्षण फार लोक ओळखत नाहीत. पुढे सविस्तर येईल.
- बॅटच्या एकाच जागी चेंडू मेल्यासारखा उठतो. चिकटवण सुटली असेल, नाहीतर ब्लेडमध्ये काहीतरी बिघडलंय.

सोबत तीन प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवा. दोष एका बाजूला आहे की दोन्ही? कोरड्या दिवशीही येतो का? पहिल्या चेंडूपासून आहे की अर्ध्या तासाने सुरू होतो? दोन्ही बाजू एकाच आठवड्यात बिघडल्या तर रबरावर संशय घेण्यात अर्थ नाही. दोन रबरं ठरवून एकत्र झिजत नाहीत.

१. चेंडू, टेबल आणि दुसऱ्याची बॅट (फुकट, पाच मिनिटं)

त्याच टेबलावर, त्याच चेंडूने, सोबत्याची बरी बॅट घेऊन दहा लूप मारा. तिच्यानेही चेंडू घसरत असेल तर तुमची बॅट निर्दोष आहे.

मग चेंडू बघा. २०१४ पासून सेल्युलॉइडची जागा प्लॅस्टिकच्या ४०+ चेंडूने घेतली. नव्या चेंडूंवर बारीक पांढरी भुकटी असते आणि ती थेट रबरावर उतरते. डबा उघडल्यावर चेंडू साध्या पाण्यात धुऊन, फडक्यात घोळून कोरडे करा. पावसाळ्यात चेंडू फरशीवरून घरंगळत जातो तेव्हा फरशीला सुटलेला घामही सोबत आणतो. उचललेला प्रत्येक चेंडू शर्टाला पुसण्याची सवय इथे लागते. शर्ट घामाने भिजला असेल तर खिशात छोटा नॅपकिन ठेवा.

टेबलावर तळहात फिरवा. ओलसर टेबलावर चेंडू उसळण्याऐवजी घसरत खाली राहतो. तुम्ही बॅट नेहमीच्या उंचीवर नेता, चेंडू कडेला लागतो आणि दोष रबरावर जातो. पंचायतीच्या किंवा शाळेच्या हॉलमधलं जुनं पार्टिकल बोर्डचं टेबल सांध्याजवळ फुगलंय का तेही पाहा. ३० सेंटिमीटरवरून सोडलेला चेंडू साधारण २३ सेंटिमीटर उसळायला हवा. टेबलावर पट्टी उभी धरून चार-पाच जागी हे करून बघा. एका जागी १८-१९ आला तर त्या टेबलावर बॅटची परीक्षा घेऊ नका.

२. रबर धुणं आणि कडेची चाचणी (जवळजवळ फुकट)

मऊ स्पंजाचा तुकडा साध्या पाण्यात बुडवून घट्ट पिळा. मुठीकडून टोकाकडे, एकाच दिशेने रबर पुसा. मागे-पुढे घासलं तर कडेची धूळ पुन्हा मध्ये येते. साबण, स्पिरिट, पेट्रोल, सॅनिटायझर यांतलं काहीही वापरायचं नाही. वरची शीट कोरडी पडते आणि मग कशानेच परत येत नाही. पुसल्यावर मायक्रोफायबर कापडाने टिपून पंख्याखाली ठेवा. मे महिन्यात पाच मिनिटं पुरतात, जुलैत पंधरा-वीस द्या. त्याआधी प्लॅस्टिकची फिल्म लावली तर ओल आतच कोंडली जाते. सकाळी रबर आणखी निसरडं मिळतं ते त्यामुळे.

आता चाचणी. चेंडू रबरावर ठेवून वरून बोटाने हलका दाबा आणि आडवा ओढायचा प्रयत्न करा. आधी बॅटच्या मधोमध, जिथे तुम्ही रोज मारता. मग मुठीजवळच्या कडेला, जिथे चेंडू जवळपास कधीच लागत नाही. ती कडा म्हणजे तुमच्याच रबराचा नव्यासारखा राहिलेला नमुना.

कडेला पकड आहे आणि मध्ये चेंडू सरकतो: रबर झिजलंय. चौथ्या पायरीवर जा.
दोन्हीकडे सरकतो: ओल किंवा मळ अजून आहे, नाहीतर रबर पडून पडून जुनं झालंय. तिसरी पायरी करा.
दोन्हीकडे घट्ट: रबर ठीक आहे. पाचवीवर जा.

चेंडू रबराला चिकटवून उलटा लोंबकळत धरायची चाचणी फक्त चिकट चिनी रबरांसाठी आहे. युरोपीय आणि जपानी ताणलेली (बनवतानाच आतून ताण दिलेली) रबरं नवी असतानाही चेंडू असा धरून ठेवत नाहीत. ती चाचणी पाहून चांगली रबरं फेकून दिलेली आहेत.

३. ओल (शंभर-दोनशे रुपये)

स्पिन तयार होतो तो चेंडू रबराला आडवा खेचला जातो म्हणून. मध्ये पाण्याचा पातळसा थर आला की घर्षण कोसळतं आणि कितीही महाग रबर असलं तरी चेंडू सरकतो. शिवाय स्पंज आणि ब्लेडचं लाकूड दोन्ही हवेतली ओल पितात, त्यामुळे बॅट जड आणि सुस्त होते. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर एप्रिलमध्ये आणि जुलैत वजन करून ठेवा, फरक आकड्यात दिसतो.

उपाय साधे आहेत. बॅट कव्हरमध्ये सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि भर पावसात दर दोन-तीन आठवड्यांनी बदला. भिजलेली पुडी नुसतं ओझं. कव्हर स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. पाऊस थांबून ऊन पडलं की डिकीत उकडहंडी होते आणि ग्लू सुटायला लागतो. घरी बॅट बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको, आतल्या खोलीत ठेवा.

खेळताना नियमाने दर सहा गुणांनंतर टॉवेल घेता येतो. तो हक्क वापरा, आणि टॉवेल दोन ठेवा: एक अंगासाठी, एक फक्त रबरासाठी. अंगाचा घाम पुसलेल्या टॉवेलने रबर पुसणं म्हणजे त्यावर मीठ आणि तेल चोळणं.

अर्ध्या तासाने सुरू होणारा दोष बहुतेक वेळा इथेच सुटतो.

४. रबराचं वय

तारीख नव्हे, तास मोजा. ताणलेली रबरं, म्हणजे टेनर्जी, वेगा किंवा तशा जातीची, नियमित खेळणाऱ्याकडे साधारण ८० ते १२० तास चांगली चालतात. आठवड्यात तीन दिवस दीड-दीड तास खेळणाऱ्याचे हे चार ते सहा महिने झाले. चिनी रबराचा चिकटपणा लवकर कमी होतो, पण शीट जास्त दिवस टिकते.

रबर उजेडात तिरकं धरा. मधोमध चकचकीत किंवा राखाडी डाग, शीटखालच्या पिंपल्सभोवती केसासारख्या भेगा, कडेला तुटायला आलेले पिंपल्स दिसले तर रबर बदला. झिजलेल्या रबरावर तेल किंवा बूस्टर (स्पंज फुगवणारं द्रव) चोळून ते जिवंत करायच्या नादाला लागू नका. स्पर्धेत ते नियमबाह्य आहे, आणि स्पंज फुगून शीट ताणली गेली की दोन आठवड्यांत बॅट आधीपेक्षा वाईट होते.

५. चिकटवण

नखाने रबरावर कडेपासून मध्यापर्यंत टकटक करत जा. आवाज एखाद्या जागी पोकळ झाला तर तिथे हवा आहे. अंगठ्याने दाबल्यावर बुडबुडा सरकतो का बघा. बुडबुड्यावर पडलेला चेंडू स्पंजाचा जोर घेत नाही, म्हणून मेल्यासारखा उठतो.

रबर काढताना कोपऱ्यातून तिरकं, सावकाश आणि ब्लेडला जवळजवळ समांतर ओढा. लाकडाची कुसळं उठायला लागली तर तिथेच थांबा आणि समोरच्या कोपऱ्यातून सुरुवात करा. जुना ग्लू बोटाने गोळे करत निघतो. नवा ग्लू पाण्यात विरणारा, टीटीसाठीचाच हवा. ब्लेडला एक पातळ थर, स्पंजाला एक. स्पंज सच्छिद्र असेल तर पहिला थर सुकल्यावर दुसरा. ग्लू दुधाळ असतो आणि सुकला की पारदर्शक होतो. बाटलीवर पंधरा-वीस मिनिटं लिहिलेली असतात, पण आपल्याकडे जुलैत चाळीस मिनिटंही लागतात. घड्याळाकडे बघू नका, रंगाकडे बघा. दुधाळ ठिपका राहिला आणि रबर लावलं तर त्याच जागी पुढच्या आठवड्यात बुडबुडा येतो. पावसाळ्यातल्या बहुतेक बुडबुड्यांचं कारण हेच. एसीची खोली मिळाली तर काम तिथे करा. गरम हवेचा ड्रायर नको.

लावताना मुठीकडून टोकाकडे काचेच्या बाटलीने लाटत जा, रबर ओढून ताणू नका. मग रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवा.

फेविकॉल नको. तो सुकून कडक होतो आणि पुढच्या वेळी रबराबरोबर लाकडाचा थर निघून येतो. सायकलचं पंक्चर काढायचं सोल्युशनही नको, जरी स्पीड ग्लूची (रबर वेगवान करणाऱ्या ग्लूची) सुरुवात त्यातूनच झाली होती. असे द्रावक असलेले ग्लू २००८ पासून बंद आहेत. राज्य पातळीवर खेळायचा विचार असेल तर सवय आत्ताच मोडा. शीट, स्पंज आणि ग्लू मिळून जाडी ४ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही हेही लक्षात ठेवा.

६. आता रबर: स्पिन की स्पीड

इथपर्यंत सगळं ठीक निघालं आणि दोष तरी राहिला, तर निवड चुकली आहे. पाकिटावरचे "स्पीड १३, स्पिन ११.५" असे आकडे बाजूला ठेवा. प्रत्येक कंपनीची मोजपट्टी वेगळी. स्पंजाच्या कडकपणाचंही तेच: बटरफ्लायच्या टेनर्जी ०५ वर ३६ लिहिलेलं असतं, झिओमच्या वेगा प्रोवर ४७.५, डीएचएसच्या हरिकेन ३ वर ३९ ते ४१. तिघांत हाताला सगळ्यात कडक लागतं ते हरिकेन. आकडे फक्त एकाच मोजपट्टीवरच्या रबरांत तोलायचे.

खरा प्रश्न असा: तुमच्या फटक्याने चेंडू स्पंजात किती खोल जातो?

चेंडू थोडा आत रुतला की शीट त्याला धरते आणि बॅटच्या वेगाने खेचते. त्यातून स्पिन मिळतो. स्पंज तुमच्या हातापेक्षा कडक असेल तर चेंडू रुततच नाही, नुसता वरून सरकतो आणि जाळीत जातो. उलट हात जोरदार आणि स्पंज मऊ असेल तर तो पूर्ण दबून चेंडू लाकडाला भिडतो: तो "टक्" आवाज, तो सरळ उडणारा लूप. दोन्ही खेळाडू "स्पिन नाही" एवढंच सांगतात, पण एकाला मऊ स्पंज हवा आणि दुसऱ्याला कडक. न बघता सल्ला देणारा दुकानदार इथेच फसतो.

पिंपल्सची मांडणीही बघा. जाड आणि जवळजवळ बसवलेले पिंपल्स शीटला भक्कम ठेवतात, चेंडू शीटवरच पकडला जातो आणि स्पिनला फायदा होतो. बारीक आणि अंतर ठेवून बसवलेले पिंपल्स सहज दबतात, चेंडू पटकन स्पंजात जातो आणि ड्राइव्हला मोकळा वेग मिळतो. टेनर्जीच्या ०५ आणि ६४ यांतला मुख्य फरक हाच: ०५ स्पिनकडे झुकतं, ६४ वेगाकडे. दोन्ही रबरं एकाच घरची, पण ०५ समोरच्याच्या स्पिनलाही जास्त दाद देतं. ब्लॉक कच्चा असलेल्याने ते घेतलं की रिसीव्ह उडायला लागतात.

चिकट की पकडदार, हा गोव्यासाठी वेगळा विचार. चिकट चिनी रबरावर सर्व्हिस आणि छोटा पुश जबरदस्त होतो, पण ते स्वतःहून वेग देत नाही. कमरेपासून पूर्ण फिरून मारणाऱ्यालाच ते उपयोगी. ओल्या हवेत त्याच्यावर धूळ आणि दमटपणा दोन्ही चटकन बसतात, आणि प्रत्येक गेमनंतर पुसायचा आळस असेल तर जून ते सप्टेंबर ते त्रासच देईल. आठवड्यात दोन-तीन दिवस खेळणाऱ्या, मध्यम हाताच्या क्लब खेळाडूने पकडदार, २.० मिमी जाडीच्या मध्यम स्पंजाचं रबर घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत. यासाका मार्क फाइव्ह किंवा वेगा युरोप या धर्तीचं. ज्याच्यावर स्पर्धा जिंकल्या जातात ते रबर क्लबातही जिंकून देईल, हा समज गोव्यात आंतरराष्ट्रीय स्पर्धा होऊ लागल्यापासून जरा जास्तच पसरलाय.

लक्षणावरून असं निवडा:

ब्लॉक लांब जातात: मॉडेल तेच ठेवून जाडी एक पायरी कमी करा, २.२ असेल तर २.०, २.० असेल तर १.८. आधी हे, मॉडेल नंतर. जाडी उतरवली की उसळी कमी होते आणि ओळखीची पकड कायम राहते.

लूप जाळीत, फटका हलका: स्पंज मऊ करा, युरोपीय मापात (वेगावर छापलेलं असतं तेच) ४०-४२ च्या आसपास. शीट चिकट नको.

लूप "टक्" करून सरळ उडतो, फटका जोरदार: स्पंज कडक, त्याच मापात ४५-४७.५, आणि जाडी २.० पेक्षा कमी नको.

फोरहँडला आणि बॅकहँडला एकच रबर लावायची गरज नाही. बॅकहँडचा फटका छोटा असतो, तिथे थोडा मऊ स्पंज बहुतेकांना मानवतो. पण एका वेळी एकच बाजू बदला आणि दोन आठवडे त्याच ब्लेडवर खेळा. दोन्ही बाजू आणि ब्लेड एकदम बदलणाऱ्याला काय सुधारलं आणि काय बिघडलं ते सांगताच येत नाही.

खरेदीच्या वेळी मुठीकडच्या बाजूला आयटीटीएफचं (आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाचं) चिन्ह आणि मंजुरीचा क्रमांक शीटवर उठावदार कोरलेला आहे का बघा. बटरफ्लाय आणि डीएचएसच्या नकला बाजारात सर्रास आहेत; किंमत निम्मी दिसली तर ती सूट नव्हे. एक बाजू काळीच हवी. दुसरी लाल असली की झालं, आणि ऑक्टोबर २०२१ पासून गुलाबी, जांभळी, हिरवी किंवा निळीही चालते.

इथे थांबा आणि जाणकाराला दाखवा

रबर काढल्यावर ब्लेडचे थर कडेला उघडलेले दिसले, लाकडाला चीर असली किंवा मूठ हलत असली, तर घरगुती गोंदाने भरू नका. बॅट टोकाकडून हलकी धरून बोटाने ठोका. खणखणीत आवाजाऐवजी खरखर आली तर आतला थर सुटलाय. ते बॅट दुरुस्त करणाऱ्याचं काम आहे, आणि कार्बनचा थर असलेलं ब्लेड असेल तर बहुधा तेही नाही, नवीनच घ्यावं लागतं.

महागडं रबर पहिल्यांदाच चिकटवताय? क्लबातल्या सरांकडून किंवा दुकानातून लावून घ्या. मजुरी फाटलेल्या स्पंजापेक्षा स्वस्त पडते.

तीन वेगवेगळ्या बॅटी, कोरडा हॉल, नवा चेंडू, आणि लूप तरी जाळीत: दोष बॅटच्या कोनात किंवा पायांत आहे. पुढचं रबर मागवण्याआधी प्रशिक्षकासमोर अर्धा तास खेळा. ते फटका बघून स्पंजही सांगतील.

कडक किंवा जाड रबर लावल्यावर मनगट किंवा कोपराची बाहेरची बाजू दुखायला लागली तर पहिल्यांदा बॅट काट्यावर ठेवा. १९० ग्रॅमच्या वर असेल तर हलका स्पंज लावा. दोन आठवडे विश्रांती घेऊनही दुखणं राहिलं तर खेळ बंद ठेवून हाडांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा.